रंग नसलेली आच

एकतीस वर्षं शिरोलीच्या फौंड्रीत
मी आच डोळ्यांनी मोजली.
आधी डाळिंबी, मग गाजरी,
मग पिकल्या लिंबाची पिवळी,
आणि ओतायच्या वेळी पांढरी,
बघवायची नाही, तरी बघायचीच.
मीटर मागनं आले. तोवर आम्हीच मीटर.

आता फुलेवाडीच्या या दोन खोल्यांत
ओट्याच्या कोपऱ्यात एक पेटी बसलीय.
पोरीनं पाठवली. आत आच आहे म्हणतात.
मी वाकून बघतो :
पिवळा दिवा, फिरती काचेची ताटली,
जाळीवर माझंच तोंड.
रंग काही दिसत नाही.

हौसा गडहिंग्लजला गेली, बहिणीच्या गुडघ्यासाठी.
पायात चप्पल घालता घालता म्हणाली,
"त्यात स्टील घालू नका."
लोखंडाचं तू मला सांगतेस?

तिसऱ्या दिवशी आमटी घातली. वाटी स्टीलची.
आत वीज नाचली,
निळी, किरटी, दात खाणारी.
मी आधी बटण बंद केलं, मग प्लग काढला,
दाराला हात लावला नाही.
भट्टीचं दार घाईनं उघडायचं नसतं
हे डोक्याच्या आधी हाताला आठवलं.

रात्री फोनवर सांगून टाकलं.
"वाटी कुठली?"
तुझ्या माहेरची. नाव कोरलेली.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग, "हात?"
हात आहेत.

पुढच्या आठवड्यात पाणी ठेवलं चहाला,
गुळगुळीत काचेच्या पेल्यात, चार मिनिटं.
बुडबुडा नाही, वाफ जेमतेम.
तापलंच नाही म्हणून चमचा घालायला गेलो,
आणि दस्तगीर मुजावर आठवला.
त्या दिवशी साचा वरनं कोरडा होता,
पोटात ओल.
रस ओतला, तो तसाच परत आला
त्याच्या डाव्या डोळ्यावर.
पुढं नव्या पोरांना तो एवढंच सांगायचा,
उरलेल्या डोळ्यानं एकेकाकडं बघत :
गप्प बसलेल्या ओलीचा भरवसा धरू नका.

मी चमचा खाली ठेवला.
साठ अंक मोजले, मग आणखी साठ.
तोंड लांब ठेवून लांब दांड्याच्या चमच्यानं
चिमूटभर पत्ती सोडली.
पाणी एकदम उसळलं,
काठावरनं ओट्यावर, ओट्यावरनं फरशीवर.
माझ्यावर नाही.
बराच वेळ तिथंच उभा राहिलो.
चहा राहिला तो राहिलाच.

मग जुन्या सवयीनं खडू काढला.
फौंड्रीत आम्ही दर हीटचा नंबर
दारावर लिहायचो, तसं फ्रिजच्या कुशीवर :
पाण्यात लाकडी चमचा आधीच.
झाकण सैल. उघडताना वाफ भिंतीकडं.
सोनेरी काठाचे आहेराचे कप नाहीत.
अंडं कवचासकट नाही (का ते विचारू नये).
भात मध्ये एकदा ढवळ,
कडेला चटका देतो आणि पोटात गारच राहतो,
काही माणसांसारखा.
रिकामी चालवू नको.
ही शेवटची ओळ लिहून
मी घराकडं एकदा बघितलं.

महिना झाला आणि हौसा आली.
पिशवी खाली ठेवायच्या आधी वाटी मागितली.
तिच्या नावातल्या 'ह'पाशी काळा ठिपका,
मोहरीएवढा.
पदरानं घासून बघितलं, गेला नाही.
मांडणीत पुढच्या रांगेत लावली.
खडूचं वाचलं सगळं, सावकाश.
एकही ओळ पुसली नाही.

रविवारी रस्सा उरला.
तिनं तो चिनी मातीच्या भांड्यात घातला,
वर ताटली तिरकी.
आम्ही दोघं जरा लांब उभे राहिलो,
ओतायच्या आधी उभं राहावं तसे.
पेटी घुमत होती.
"बघा की," ती म्हणाली,
"रंग कुठला झालाय?"
मी डोळे बारीक केले, पूर्वीसारखे.
पांढरा, म्हटलं. तयार आहे.